देवरे सर जिना उतरले तेव्हा

मीनावहिनींचा फोन आला तेव्हा मी कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये होते. दुपारचे चार वाजले असतील. मशीनच्या ठोक्यांत काही ऐकू येईना, म्हणून मी बाहेर, मालाच्या गाड्या लागतात त्या बाजूला आले आणि त्यांना परत फोन लावला. त्यांनी लगेच उचलला. "वैशाली, हे गेले गं," त्या म्हणाल्या. मग, "गाडी हळू चालव. आता धावपळ करून काय करायचंय... हातातलं आटप आणि ये." पाच दिवस त्यांचे यजमान, आमचे देवरे सर, हॉस्पिटलमध्ये होते. मेंदूत रक्तस्राव झाला होता आणि डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट बोलून आमची तयारी करून घेतली होती. तरीही मी तिथेच एका रिकाम्या क्रेटवर बसून राहिले. मग उठले, ज्या लॉटवर माझी सही हवी होती तो तपासला, सही केली आणि निघाले. वहिनींनी सांगितलं होतं म्हणून तर केलंच, पण त्या माणसाला निरोप द्यायला जाताना काम अर्धवट टाकून जाणं मला बरं वाटलं नसतं. आज त्या गोष्टीला दीड महिना झाला.

अरविंद देवरे हे नाव सातपूरच्या बाहेर फार कुणाला माहीत असण्याचं कारण नाही. आमच्या कारखान्यात गाड्यांचे पत्र्याचे सुटे भाग बनतात. ज्या पोलादी साच्यात पत्रा दाबून भाग तयार होतो त्याला डाय म्हणतात, वरून पत्रा दाबणारा त्याचा भाग म्हणजे पंच, आणि या डाय जिथे घडतात, दुरुस्त होतात ती टूलरूम. सटाण्याजवळच्या एका खेड्यातून आलेले देवरे सर डिप्लोमा करून या टूलरूममध्ये लागले आणि चाळिशीत उत्पादन विभागाचे प्रमुख झाले. टूलरूम खाली, प्रमुखाची केबिन वर, मध्ये लोखंडी जिना. मी त्यांच्या हाताखाली प्लॅनिंगला लागले तेव्हा ते त्या केबिनमध्ये बसून तीन वर्षं झाली होती. सकाळी साडेसातला हजर, संध्याकाळी आठच्या आधी घरी नाही. मशीनच्या आवाजावरून त्यांना कळायचं की कुठला ठोका चुकतोय. प्रत्येक ऑपरेटरचं गाव त्यांना माहीत होतं. मी त्यांच्याकडे पाहून ठरवलं होतं की आपल्याला असंच व्हायचं. त्यांच्या घरी कोण कोण आहे, हे मात्र मला दोन वर्षं माहीत नव्हतं, कारण त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मलाही विचारावंसं वाटलं नाही.

आमची साप्ताहिक सुट्टी शनिवारी असते. अशाच एका शनिवारी जे घडलं ते त्यांनी मला बऱ्याच महिन्यांनी, कँटीनमध्ये चहा पिताना सांगितलं. त्यांची मुलगी सायली सकाळची शाळा करून घरी आली होती. चित्रकलेच्या परीक्षेचा फॉर्म भरायचा होता. वहिनी बाहेर गेल्या होत्या म्हणून तिने तो वडिलांपुढे ठेवला. सरांनी नाव लिहिलं, पत्ता लिहिला, आणि इयत्तेच्या रकान्यात 'सहावी' लिहिलं. सायली बाजूला उभी होती. ती रागावली नाही, हसलीही नाही. तिने त्यांच्याकडून पेन मागून घेतला, 'सहावी' खोडून त्यावर 'आठवी' लिहिलं आणि पेन परत देत म्हणाली, "बाबा, सही खाली करायची आहे." "भांडली असती तर बरं झालं असतं," सर मला म्हणाले. "तिला माझं आश्चर्यसुद्धा वाटलं नाही बघ. डाय क्रमांक बाराचा पंच कितव्यांदा घासलाय ते मला पाठ होतं..." चहा संपवला आणि कप जागेवर ठेवून आले.

त्या शनिवारनंतरच्या बुधवारी त्यांनी मला बरोबर घेऊन आमच्या डायरेक्टरांची गाठ घेतली. मला कशाला नेलं आहे ते मला माहीत नव्हतं. सरांनी अर्ज पुढे ठेवला आणि म्हणाले, "मला टूलरूममध्ये परत घ्या. पहिल्या पाळीत, सात ते साडेतीन. उत्पादन वैशाली सांभाळेल, ती तयार आहे." डायरेक्टर आधी अर्जाकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिले. "देवरे, दुसरीकडे कुठे बोलणं चाललंय का?" त्यांनी विचारलं. "नाही साहेब. इथेच राहतोय. फक्त खाली जातोय." "तब्येत?" "उत्तम आहे." माणूस आपणहून खाली उतरतो म्हणजे काहीतरी लपवतो, असंच त्यांना वाटत असणार. मी तेव्हा चौतीस वर्षांची होते आणि माझी गार्गी चार वर्षांची. मला एकाच वेळी आनंद झाला, भीती वाटली आणि आपण त्यांच्या कुठल्याशा अडचणीवर वर चढतोय अशी लाजही वाटली.

खरा घोटाळा मात्र त्या संध्याकाळी त्यांच्या घरी झाला. हे मला मीनावहिनींनीच पुढे हसत सांगितलं, पण त्या दिवशी त्या हसल्या नव्हत्या. गंगापूर रोडवरच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये सर लवकर पोचले, वहिनींना समोर बसवलं आणि मोठ्या समाधानाने ही बातमी दिली. वहिनी शाळेत शिक्षिका. त्यांच्या संस्थेच्या शाळा जिल्ह्यात चार-पाच ठिकाणी आहेत. सेवाज्येष्ठतेने त्यांना घोटीच्या शाळेत मुख्याध्यापकपद दोनदा देऊ केलं होतं आणि दोन्ही वेळा त्यांनी लेखी नकार दिला होता, कारण घोटीला जाऊन-येऊन घर कोण बघणार. सरांचं बोलणं पूर्ण होऊ देऊन त्या म्हणाल्या, "मला विचारलंत का?" सर म्हणाले, "तुमच्यासाठीच तर करतोय." त्यावर वहिनी म्हणाल्या, "आमच्यासाठी काय करायचं तेसुद्धा तुम्ही एकटेच ठरवलंत. केबिनमध्ये बसून ठरवता तसं. मी दोनदा नकार लिहून दिला तेव्हा तुम्हाला कळलं तरी होतं का?" एकदा कळलं होतं, ते त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं. दुसऱ्यांदा वहिनींनी सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सरांनी अर्ज परत घेतला. कारखान्यात सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. डायरेक्टर म्हणाले, देवरे भानावर आले. ते भानावर आले होते हे खरंच, पण निराळ्या अर्थाने. आठ दिवस ते संध्याकाळी सहाला घरी जात होते आणि दोघं जेवणाच्या टेबलाशी बसून बोलत होते. पगार कमी झाला तर कुठे हात आखडायचा, सायलीची शाळा किती वाजता सुटते, घोटीची बस किती वाजता, भाजी कोण आणणार, सरांच्या आईला सटाण्याहून दवाखान्यात आणायचं तर कोण जाणार... नवव्या दिवशी अर्ज पुन्हा डायरेक्टरांच्या टेबलावर गेला आणि त्याच महिन्यात वहिनींनी घोटीच्या शाळेचा होकार लिहून दिला. सोमवारी सकाळी सातला देवरे सर जिन्याने वर न येता सरळ टूलरूममध्ये गेले. तिथल्या लोकांना कळेना की यांना आता काय म्हणायचं. दोन-तीन दिवस सगळे 'सर' म्हणत राहिले. मग त्यांनीच सलीमला, टूलरूमच्या सगळ्यात जुन्या फिटरला सांगितलं, "पूर्वी भाऊ म्हणायचास, तेच म्हण." तेव्हापासून ते भाऊ झाले. माझ्या तोंडून मात्र शेवटपर्यंत कधी सर निघालं, कधी भाऊ.

इतकं सगळं नीट ठरवूनही घर लगेच रुळावर आलं नाही. भाऊंनी फ्रिजवर एक तक्ता चिकटवला होता. सोमवारी कुठली भाजी, मंगळवारी कुठली, कणीक किती वाजता मळायची, सायलीचा अभ्यास साडेचार ते सहा. त्यात पाच मिनिटं राखीव वेळही दाखवला होता. चार दिवसांत सायलीने तो काढून त्याच्या मागच्या बाजूला चित्र काढलं. वहिनी म्हणाल्या, "आम्ही तुमचे प्रेस ऑपरेटर नाही." मग भाऊंनी तक्ता सोडला आणि स्वयंपाक शिकले. घोटीहून वहिनी येताना तांदूळ आणायच्या. तो भात त्यांना उत्तम जमायला लागला. भाकरी मात्र कधीच गोल झाली नाही. ज्या माणसाच्या हातची डाय केसाइतकीही चुकत नसे, त्याच्या भाकरीला दर वेळी एक नवीन कोपरा निघायचा. वहिनी साडेसहाला दमून यायच्या, पर्स टेबलावर टाकायच्या आणि शाळेतलं सांगायला लागायच्या, तेव्हा सायली आणि भाऊ दोघंही हातातलं काम थांबवून ऐकायचे. वहिनी एकदा मला म्हणाल्या, "मी बोलतेय आणि कुणीतरी ऐकतंय, याची मला सवय करून घ्यावी लागली गं."

या सगळ्याला किंमत नव्हती असं मी म्हणणार नाही. पुतण्याच्या लग्नात भाऊंच्या चुलतभावाने सगळ्यांच्या देखत विचारलं, "काय रे भो, कंपनीनी तुले काढी टाकं का?" भाऊ म्हणाले, "नही, मीच उतरनू." त्यावर कुणाचा विश्वास बसला नाही. कारखान्यातही, ज्या पोराला त्यांनी स्वतः मुलाखत घेऊन लावलं होतं, तो सुपरवायझर झाल्यावर एक दिवस टूलरूममध्ये येऊन त्यांच्यावर आवाज चढवून गेला. मी वरून ते पाहिलं आणि खाली गेले. भाऊ कानस लावत होते. मी म्हटलं, "मी त्याला बोलते." त्यांनी मान हलवली. "नको. डाय उशिरा दिली मी, तो बरोबर आहे." थोडा वेळ कानस चालवून मग म्हणाले, "पण लागतं गं. खोटं कशाला सांगू." त्यांनी आपला निर्णय कधी कुणाला सजवून दाखवला नाही, म्हणूनच मी त्यांच्या शब्दावर इतका भरवसा ठेवला.

माझं काय झालं ते आता सांगते. मी केबिनमध्ये बसले आणि ठरवलं की भाऊंनी जे केलं ते मीही करायचं. पाच वाजले की उठायचं, काही झालं तरी. एका संध्याकाळी ग्राहकाकडून एका भागाचं बदललेलं ड्रॉइंग आलं. मी ते पाहिलं, उद्या सांगू म्हणून पाचला निघाले, आणि दुसऱ्या पाळीने अख्खा लॉट जुन्या मापाने काढला. सगळा माल नाकारला गेला. बरं, घरी तरी मी होते का? गार्गीला गोष्ट वाचून दाखवत होते, मनात प्रेस शॉप. ती म्हणाली, "आई, हे पान झालं." मी तेच पान दुसऱ्यांदा वाचत होते.

पुढच्या शनिवारी मी पंचवटीत भाजी घ्यायला गेले. भाऊ दर शनिवारी सकाळी तिथे असतात हे मला माहीत होतं आणि खरं सांगायचं तर भाजी हे निमित्तच होतं. ते मेथीच्या जुड्या चाळत होते. मी सगळं सांगून टाकलं. लॉट, गोष्ट, पान. शेवटी म्हटलं, "तुम्हाला जमलं, मला का जमत नाही?" त्यांनी दोन जुड्या पिशवीत टाकल्या आणि मला बाजूला, नदीकडच्या पायऱ्यांवर घेऊन गेले. "माझा चष्मा तू लावलास तर तुला कसं दिसेल?" ते म्हणाले. "एक सांग. ती खुर्ची तुला आवडते का?" मी हातातली पिशवी पायरीवर ठेवली. मग म्हटलं, "आवडते. फार आवडते." हे मी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. चार वर्षांच्या मुलीच्या आईने असं म्हणावं की नाही, हेच मला ठरवता येत नव्हतं. भाऊ हसले. "मला नव्हती आवडत. सात वर्षं मला ते कळलंच नाही, कारण मी ती चांगली सांभाळत होतो. मला हाताने काम करायला आवडतं, आणि चारला घरी जायला आवडतं. तुझं तसं नाही तर नाही. तू उशिरापर्यंत थांब की. पण घरी लाजत सांगू नकोस आणि ऐन वेळी सांगू नकोस. कुठले दिवस त्यांचे, ते आधी सांग आणि मग ते मोडू नकोस. घरच्यांना उशिराचा त्रास होत नाही इतका, अंदाज नसल्याचा होतो. सायलीने मला तेच सांगितलं."

मी घरी आले आणि नवऱ्याला, सासूबाईंना आणि गार्गीलाही समोर बसवलं. म्हटलं, मला माझं काम आवडतं आणि मी ते सोडणार नाही, कमीही करणार नाही. रविवार, सोमवार, मंगळवार, गुरुवार मी सातपर्यंत थांबेन. बुधवारी आणि शुक्रवारी साडेचारला घरी, आणि त्या दोन दिवशी संध्याकाळचा फोन माझा डेप्युटी घेईल. सासूबाईंना पहिल्यांदा ते उद्धटपणाचं वाटलं असावं. पण महिन्याभरात त्या स्वतःच शेजारणीला सांगायला लागल्या, "आज बुधवार, वैशाली घरी आहे, आज मी भजनाला येते." नवऱ्याने गुरुवारचा स्वयंपाक अंगावर घेतला. गार्गी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बुधवार-शुक्रवारी रंगीत खुणा करायची. माझी ही घडी भाऊंच्या घडीसारखी मुळीच नव्हती. पंधरा वर्षं झाली, मी त्याच खुर्चीत आहे, गार्गी कॉलेजात आहे आणि आमचं बरं चाललंय.

भाऊंची वेळ म्हणजे दगडावरची रेघ होती असंही कुणी समजू नये. एकदा आमची सगळ्यात मोठी डाय मधोमध चिरली आणि चार दिवसांत माल रवाना व्हायचा होता. मी टूलरूममध्ये गेले, पण थांबा असं म्हणायचं धाडस होईना. भाऊंनी चिरेवरून बोट फिरवलं, हात पुसले आणि घरी फोन लावला. "मीना, तीन दिवस मला इथे लागतील. चालेल का?" पलीकडून काय उत्तर आलं ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. फोन ठेवून मला म्हणाले, "चालेल म्हणाली. कुकर ती लावते आहे. आता सलीमला बोलाव." तीन दिवस ते दोन्ही पाळ्या थांबले आणि डाय उभी केली. चौथ्या दिवशी साडेतीनला पिशवी घेऊन नेहमीसारखे फाटकातून बाहेर पडले.

साठाव्या वर्षी ते निवृत्त झाले. शेवटची भेट झाली ती त्यांच्या आजारपणाच्या दोन आठवडे आधी, त्यांच्याच घरी. वहिनींच्या निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं आणि शाळा तपासणीच्या कागदांनी जेवणाचं टेबल भरलं होतं. म्हणून आम्ही तिघं खाली सतरंजीवर बसून जेवलो. सायली पुण्याहून फोनवर होती. नोकरी बदलावी की नको असं काहीतरी विचारत होती. भाऊ तिला म्हणाले, "तू सांगत राहा, मी ऐकतोय. ठरव तूच." मला तेव्हा काही विशेष वाटलं नव्हतं. ते दमलेलेही दिसत नव्हते.

तेराव्यानंतर दोनच दिवसांनी मीनावहिनी शाळेत हजर झाल्या. बिल्डिंगमध्ये कुजबूज झाली असणार. मी त्यांना सोडायला घोटीपर्यंत गेले. गाडीत त्या म्हणाल्या, "घरी बसले असते तर दिवसभर त्यांच्याच वस्तू बघत बसले असते. माझी मुलं दहावीला बसतायत. यांनी माझ्यासाठी ही शाळा मोकळी करून दिली, ती मी अशी सोडून देऊ?" शाळेच्या दारात उतरल्यावर मात्र त्या गाडीचा दरवाजा धरून जरा वेळ उभ्या राहिल्या... मग पदर सारखा केला आणि आत गेल्या. मुलांची रांग लागलीच होती.

तिथून मी ग्राहकाकडचं एक काम आटपून परत कारखान्यात आले. साडेतीन वाजून गेले होते, पहिली पाळी सुटली होती. कसं कोण जाणे, केबिनकडे न जाता मी टूलरूममध्ये वळले. टूलरूमला दुसरी पाळी नसते, आत कुणी नव्हतं. दाराजवळच्या भिंतीवर शाळेत असते तशी एक पाटी टांगलेली आहे. भाऊ घरी जाण्याआधी शेवटची दहा मिनिटं त्या पाटीला द्यायचे. काय झालं, काय राहिलं, कुठलं हत्यार कुठे ठेवलंय, सगळं खडूने लिहायचे, म्हणजे प्रेस शॉपच्या दुसऱ्या पाळीला कुणाच्या घरी फोन करून विचारायला नको. ते निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी टूलरूमने ती पद्धत सोडलेली नाही. त्या दिवशी पाटीवर सलीमचं अक्षर होतं: 'डाय ७ जुळवली. पंच बसवायचा बाकी. घाई करू नका, सकाळी मी करतो.'

मी ते वाचलं, दिवा मालवला आणि जिना चढून वर गेले. गुरुवार होता. माझं काम सातपर्यंत होतं आणि घरी ते माहीत होतं.